युद्ध थांबल्यावर तिजोरी कशी वाटायची: नेपाळच्या अनुभवातून सर्वसमावेशक संघीय अर्थधोरणाची आखणी

शांतता करार होतो तेव्हा चर्चा चालते ती शस्त्रं, कैदी, निवडणुकीची तारीख आणि मंत्रिपदं यांची. कर कोण गोळा करणार, शिक्षकाचा पगार कोणाच्या खात्यातून निघणार, डोंगरातल्या आरोग्य केंद्राचं छप्पर दुरुस्त करायचं की नाही हे कोण ठरवणार, हे विषय मागे पडतात. पण ज्या भागात संघर्ष पेटलेला असतो तिथल्या माणसांना सरकार दिसतं ते याच छपरात आणि याच पगारात. त्यामुळे सत्तेची वाटणी कागदावर कितीही न्याय्य असली, तरी पैशाची वाट बदलली नाही तर संघराज्य पोकळ राहतं.

हे पडताळून पाहायला नेपाळइतकं जवळचं उदाहरण नाही. १३ फेब्रुवारी १९९६ ला सुरू झालेलं माओवादी युद्ध २१ नोव्हेंबर २००६ च्या विस्तृत शांतता कराराने थांबलं. सुमारे १७ हजार माणसं मारली गेली, तेराशेहून जास्त बेपत्ता झाली. २० सप्टेंबर २०१५ ला नवं संविधान आलं आणि एकेकाळी एककेंद्री राजेशाही असलेला देश ७ प्रदेश (म्हणजे राज्यं) आणि ७५३ स्थानिक सरकारं (म्हणजे गावच्या आणि शहरांच्या पालिका) यांचं संघराज्य झाला. या प्रवासात काय जमलं आणि काय अडलं ते आता नीट दिसतं. विकास संस्थांमध्ये काम करणारे, लोकप्रशासन शिकणारे, शेजारच्या देशांवर लिहिणारे यांच्यासाठी त्यातून एक कामाचा क्रम इथे मांडतो आहे. पायऱ्यांचा क्रम मी विचारपूर्वक लावला आहे. खालच्या पायऱ्या आधी उरकायचा मोह होतो, तो टाळावा.

पहिली पायरी: संघर्षाचा आर्थिक नकाशा काढा

धोरण लिहायला बसण्याआधी बंड कुठे पेटलं आणि तिथे सरकारचा पैसा किती पोहोचत होता, हे एकाच नकाशावर आणा. नेपाळमध्ये युद्धाची सुरुवात रोल्पा आणि रुकुमसारख्या मध्यपश्चिमेच्या डोंगरी जिल्ह्यांत झाली. युद्ध सुरू होण्याच्या काही दिवस आधी माओवाद्यांनी सरकारला दिलेल्या ४० मागण्या वाचल्या, तर कसेल त्याला जमीन, पहाड आणि तराई (दक्षिणेचा सपाट पट्टा) यांच्यातला भेदभाव संपवणं, स्थानिक संस्थांना अधिकार आणि साधनं देणं, अशा सरळ आर्थिक गोष्टी त्यात सापडतात.

पण एकच नकाशा पुरत नाही. शांतता करारानंतर दोनच महिन्यांत, २००७ च्या जानेवारीत, तराईतल्या मधेशी समाजाचं आंदोलन पेटलं, आणि संघराज्याची हमी अंतरिम संविधानात आली ती त्या दबावामुळे. २०१५ मध्ये संविधानाच्या तोंडावर मधेशी आणि थारू समाज पुन्हा रस्त्यावर उतरले, पन्नासच्या आसपास माणसं गेली. म्हणजे युद्धात लढलेल्यांशी तह करून भागत नाही. गप्प राहिलेले, पण तितकेच वगळले गेलेले समाज तहानंतर बोलायला लागतात.

म्हणून तीन थर एकावर एक ठेवा: भूगोल, म्हणजे कोणता जिल्हा मागे आहे; समाज, म्हणजे त्या जिल्ह्यात दलित, जनजाती, मधेशी, मुस्लिम यांची स्थिती काय; आणि जमीन व श्रमाचे संबंध. तिसरा थर हमखास सुटतो. पश्चिम तराईतली कमैया ही वेठबिगारी २००० मध्ये आणि सुदूरपश्चिमेच्या डोंगरातली, कर्जापोटी दुसऱ्याचं शेत नांगरण्याची हलिया प्रथा २००८ मध्ये संपल्याची घोषणा झाली, पण मुक्त झालेल्या अनेक कुटुंबांना पायाखालची जमीन मिळायला पुढे वर्षानुवर्षं थांबावं लागलं. जिल्ह्याच्या सरासरी आकड्यांत ही कुटुंबं दिसतच नाहीत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यासाठी एक तयार हत्यार ठाऊक आहे: अनुशेष. १९८४ च्या दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शाळा, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याच्या सरासरीपासून कोणता जिल्हा किती मागे आहे ते मोजलं आणि त्याची रुपयांत किंमत लावली. ही पद्धत संघर्षोत्तर देशातही चालते, कारण गाऱ्हाण्याचा आकडा झाला की त्यावर वाटाघाट करता येते. मात्र दांडेकर समितीने जिल्हा हे एकक धरलं आणि त्यावरून विदर्भ-मराठवाड्यात वाद झाला, हेही लक्षात असू द्या. प्रदेश, जिल्हा की पालिका, मोजायचं एकक कोणतं हे सगळ्या पक्षांनी आधी मान्य करावं, मगच मोजणी सुरू करावी.

दुसरी पायरी: काम, पैसा आणि माणूस एकाच दिवशी हलवा

नेपाळच्या संविधानात पाचव्या ते नवव्या अनुसूचीत अधिकारांच्या याद्या आहेत: संघाचे (म्हणजे केंद्राचे), प्रदेशाचे, स्थानिक सरकारचे आणि सामाईक. आठव्या अनुसूचीत स्थानिक सरकारला २२ विषय दिले आहेत, त्यात बारावीपर्यंतचं शिक्षणही येतं. भारतातल्या कोणत्याही ग्रामपंचायतीच्या मानाने हे अधिकार फार मोठे आहेत.

गाडी अडली ती माणसांपाशी. संघाचे कर्मचारी खाली पाठवण्यासाठी समायोजनाचा कायदा झाला, पण काठमांडू सोडून डोंगरात जायला अनेक जण तयार नव्हते. संघीय नागरी सेवा कायदा संसदेत वर्षानुवर्षं रखडला. पालिकेचा प्रमुख प्रशासकीय अधिकारी संघाचा माणूस असतो आणि त्याची बदलीही वरूनच होते. निवडून आलेला अध्यक्ष योजना मंजूर करतो आणि सही करणारा अधिकारी सहा महिन्यांत निघून जातो, अशी तक्रार तिथल्या पालिकांमधून सारखी येत राहिली.

यावरून नियम असा घ्या. प्रत्येक अधिकारासमोर तीन रकाने आखा: काम कोणाचं, त्याचा पैसा कोणत्या खात्यातून, त्याचा कर्मचारी कोणाच्या आस्थापनेवर. तिन्ही रकान्यांत एकच नाव येत नसेल, तर तो अधिकार अजून हस्तांतरित झालेला नाही असं धरा. आणि नागरी सेवेचा कायदा संविधानाच्या सोबतच मंजूर करून घ्या. नंतर केंद्रातल्या नोकरशाहीला तो लांबवण्यात रस असतो, आणि ते स्वाभाविकच आहे.

तिसरी पायरी: कर कोण लावणार आणि कोण वाटणार

छोट्या, भूवेष्टित देशात मोठा कर महसूल सीमेवरच गोळा होतो. नेपाळच्या करांचा मोठा भाग आयातीवरचा आहे. असा कर प्रदेशांनी आपापल्या नाक्यावर गोळा करायचा म्हटलं, तर बीरगंजचा सीमानाका ज्या प्रदेशात आहे तो श्रीमंत होईल आणि मुगूसारखा जिल्हा कायमचा गरीब राहील. म्हणून मोठे कर केंद्राने गोळा करावेत आणि वाटणी कायद्याने बांधून टाकावी, हेच बरं.

नेपाळने २०१७ च्या आंतरसरकारी वित्त व्यवस्थापन कायद्यात तेच केलं. व्हॅट आणि देशांतर्गत उत्पादन शुल्क यांचे ७० टक्के संघाला, १५ टक्के प्रदेशांना, १५ टक्के स्थानिक सरकारांना. नैसर्गिक साधनांवरच्या रॉयल्टीचे ५० टक्के संघाला, २५ टक्के संबंधित प्रदेशाला आणि २५ टक्के संबंधित स्थानिक सरकारांना. यात गिर्यारोहण, जलविद्युत, वन, खाण हे सगळं येतं. सगरमाथ्याच्या (एव्हरेस्टच्या) चढाईचं परवाना शुल्क सप्टेंबर २०२५ पासून परदेशी गिर्यारोहकाला ११ हजारांवरून १५ हजार डॉलर झालं, त्यातलाही वाटा कायद्याप्रमाणे खाली जायला हवा.

संघर्षोत्तर देशात रॉयल्टीचा प्रश्न सर्वात ज्वालाग्राही असतो. धरणाच्या बाबतीत बाधित कोणाला म्हणायचं? पाणी जिथे अडवलं ते गाव, वीजगृह जिथे उभं राहिलं ते, की बोगद्यामुळे मधला नदीचा पट्टा ज्याचा कोरडा पडला ते? याचे निकष प्रकल्पाच्या आधी जाहीर करा. वीज सुरू झाल्यावर केलेली व्याख्या हरणाऱ्या गावाला कधीच पटत नाही.

स्थानिक करांबद्दल एक सावधगिरी. २०१७ च्या निवडणुकीनंतर नव्या पालिकांना करांचे अधिकार मिळाले आणि २०१८ मध्ये अनेकींनी एकाच वर्षात नवे कर आणि शुल्कं लावली. लोक चिडले, आणि सरकार दाराशी आल्याचा पहिला अनुभव त्यांना पावतीतून आला. पहिली दोन वर्षं सेवा सुधारा, मालमत्तेची नोंद नीट करा, दर त्यानंतर वाढवा.

चौथी पायरी: वाटपाचं सूत्र उघड्यावर ठरवा

या कामाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबू या.

कर्णाली आणि मधेश हे दोन प्रदेश घ्या. कर्णालीचं क्षेत्रफळ सुमारे २८ हजार चौरस किलोमीटर आणि २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १७ लाख. मधेशचं क्षेत्रफळ साधारण ९,६६० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या ६१ लाखांच्या वर. समजा या दोघांतच १०० रुपये वाटायचे आहेत. फक्त लोकसंख्येवर वाटले तर कर्णालीला २२ आणि मधेशला ७८ मिळतात. फक्त क्षेत्रफळावर वाटले तर कर्णालीला ७४ आणि मधेशला २६. निम्मं-निम्मं धरलं तर कर्णालीला ४८ आणि मधेशला ५२. आकडेमोडीत कुठेही चूक नाही, तरी तीन उत्तरं निघतात. भार किती द्यायचा हा निर्णय राजकीयच असतो, आणि तो तज्ज्ञांच्या बंद खोलीत लपवला की ज्याला कमी मिळालं तो संशय घेणारच.

दोघांची गरजही वेगळ्या तऱ्हेची आहे. कर्णालीत एक पोतं सिमेंट पोहोचवायला लागणारा खर्च मधेशच्या सपाट जमिनीवर लागत नाही. दुसरीकडे, २०२१ च्या जनगणनेत साक्षरता सर्वात कमी होती ती मधेशमध्ये. दुर्गमता हाच निकष धरला तर मधेशवर अन्याय होतो, आणि माणसांची संख्या हाच धरला तर कर्णालीवर. म्हणून सूत्रात किमान चार गोष्टी हव्यात: लोकसंख्या, भूगोल आणि खर्चाची विषमता, मानवी विकासातली पिछाडी, आणि स्वतःचा महसूल उभारण्यासाठी केलेले प्रयत्न. शेवटच्या निकषाचा भार कमी ठेवा. नाही तर आधीच श्रीमंत असलेलं शहर त्यावर सगळं घेऊन जाईल.

सूत्र ठरवणारी संस्था स्वतंत्र हवी. नेपाळच्या संविधानाने राष्ट्रीय प्राकृतिक स्रोत तथा वित्त आयोग निर्माण केला. भारताचा वित्त आयोग दर पाच वर्षांनी नव्याने नेमला जातो, नेपाळचा कायमस्वरूपी आहे आणि दरवर्षी शिफारस करतो. कल्पना उत्तम, पण आयोगाला पहिला अध्यक्ष मिळाला २०१९ मध्ये. तोवर निवडून आलेली प्रदेश आणि स्थानिक सरकारं पहिले अर्थसंकल्प मांडून बसलीही होती. निवडणुका आधी आणि पंच नंतर, असा उलटा क्रम झाला. आयोगाच्या नेमणुका पहिल्या स्थानिक निवडणुकीआधी पूर्ण व्हाव्यात, ही अट करारातच लिहून घ्या. आयोगाच्या सदस्यांत मागे राहिलेल्या प्रदेशांची आणि समाजांची माणसं असावीत, आणि दरवर्षीच्या शिफारशीसोबत प्रत्येक पालिकेला तिचा आकडा कसा निघाला हे तिच्या भाषेत छापून पाठवावं. मैथिली, भोजपुरी किंवा थारू बोलणाऱ्या वॉर्ड सदस्याला ते कळलं पाहिजे.

पाचवी पायरी: अटींचा पैसा कमी, मोकळा पैसा जास्त

नेपाळमध्ये संघाकडून खाली येणारी अनुदानं चार प्रकारची आहेत. समानीकरण अनुदान मोकळं असतं, पालिका ते स्वतःच्या प्राधान्याने खर्च करते. सशर्त अनुदान ठरावीक कामालाच वापरायचं. समपूरक अनुदानात खालच्या सरकारला स्वतःचा हिस्सा घालावा लागतो. विशेष अनुदान मागासलेपण किंवा विशिष्ट समाजांसाठी.

व्यवहारात सशर्त अनुदान समानीकरणापेक्षा मोठं राहिलं आहे. त्यातला बराच भाग शिक्षकांचे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार असतो, तो टाळता येत नाही. पण त्याच्या आडून काठमांडूची मंत्रालयं लहानसहान योजनाही याच खात्यातून पाठवतात. मग गावपालिकेचा अध्यक्ष निवडून आलेला असूनही संघाच्या योजनांचा कारकून होतो.

उपाय असा. पगारांसाठी वेगळा, स्थिर प्रवाह ठेवा आणि त्याला अनुदान म्हणूच नका. उरलेल्या हस्तांतरणात मोकळ्या पैशाचा किमान वाटा कायद्याने बांधा आणि तो दरवर्षी थोडा वाढत जाईल असं वेळापत्रक द्या. समपूरक अनुदानात गरीब पालिकेचा हिस्सा कमी ठेवा. अर्धा हिस्सा तुमचा, अशी सरसकट अट घातली की जाजरकोट किंवा रौतहटमधली गरीब पालिका अर्जच करत नाही आणि पैसा पोखरा-ललितपूरकडे वाहतो.

अटी घालाव्यात अशा जागाही आहेत. स्थानिक बहुसंख्याकांनीच ज्याला दूर ठेवलं आहे त्याच्यासाठी थेट, नावावर जाणारा पैसा हवा. २००९ मध्ये नेपाळने बाल अनुदान सुरू केलं तेव्हा तेव्हाच्या कर्णाली अंचलातल्या (आजच्या प्रदेशापेक्षा लहान विभाग) पाच वर्षांखालच्या मुलांना आणि देशभरातल्या गरीब दलित कुटुंबांतल्या मुलांना ते लागू केलं. भूगोल आणि जात हे दोन्ही निकष एकाच योजनेत आले, आणि पैसा कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून राहिला नाही. अशा मोजक्या, साध्या योजना केंद्राने जरूर चालवाव्यात.

सहावी पायरी: अर्थसंकल्पाच्या टेबलावर कोण बसतं ते पाहा

नेपाळच्या स्थानिक निवडणूक कायद्याने प्रत्येक वॉर्डात अध्यक्षाशिवाय चार सदस्य ठरवले. त्यात दोन महिला, आणि त्यांतली एक दलित महिला. पक्षाने पालिकेच्या प्रमुख आणि उपप्रमुख या दोन्ही पदांसाठी उमेदवार दिले तर एक महिला असलीच पाहिजे. २०१७ च्या निवडणुकीत निवडून आलेल्यांत महिला ४१ टक्क्यांच्या जवळ होत्या. साडेसहा हजारांहून जास्त दलित महिला वॉर्डांत पोहोचल्या. ६,७४३ पैकी १७६ वॉर्डांत मात्र ही जागा उमेदवार न मिळाल्याने रिकामी राहिली.

जगातल्या कोणत्याही शांतता प्रक्रियेला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे, आणि मला ती नेपाळच्या संघराज्याची सर्वात मोठी कमाई वाटते. तरी इथेच थांबलं तर फसगत होते. २०१७ मध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त उपप्रमुख महिला होत्या, याचा दुसरा अर्थ असा की पक्षांनी प्रमुखपद पुरुषांकडेच ठेवलं. २०२२ मध्ये पक्षांनी युती करून दोन पदं आपसांत वाटून घेतली. प्रत्येक पक्ष एकाच पदासाठी लढत असल्याने अट लागू झाली नाही आणि महिला उपप्रमुखांची संख्या घटली. आरक्षण लिहिताना युती गृहीत धरून लिहा, पदांच्या जोडीवर अट घाला, पक्षावर घालू नका.

आता पैशाचा भाग. कायद्याने पालिकेची अर्थसंकल्प आणि कार्यक्रम समिती उपप्रमुखाच्या अध्यक्षतेखाली असते. म्हणजे पालिकेच्या पैशाचा आराखडा बहुतेक ठिकाणी एका महिलेच्या हाताखालून जातो. ही जागा खरी ताकदीची आहे, तिथे प्रशिक्षण आणि मदतनीस कर्मचारी द्या. दलित महिला सदस्याला फक्त मत आहे, विभाग नाही आणि निधीही नाही. वॉर्डाच्या खर्चमर्यादेतला ठरावीक हिस्सा तिच्या सहीशिवाय मंजूर होणार नाही अशी तरतूद केली, तर बैठकीत तिला खुर्ची आपोआप मिळेल. बैठकभत्ता आणि प्रवासखर्च तिला वेळेवर मिळायला हवा. रोजंदारी बुडवून बैठकीला येणाऱ्या बाईला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

टेबल रिकामं राहिलं तर काय होतं तेही नेपाळने पाहिलं आहे. २००२ पासून २०१७ पर्यंत गावांत निवडून आलेले प्रतिनिधीच नव्हते. त्या काळात सरकारी सचिव आणि सर्वपक्षीय संयंत्र (सगळ्या पक्षांची मिळून समिती) मिळून गावाचा निधी वाटत होते. विरोधी पक्ष नव्हताच, सगळेच वाटेकरी होते. शेवटी गैरव्यवहाराच्या तक्रारींमुळे २०१२ मध्ये ही संयंत्रं बरखास्त करावी लागली. संघर्षानंतर सहमतीचं कौतुक सगळेच करतात, पण गावपातळीच्या पैशावर सहमतीपेक्षा निवडून आलेला विरोधक जास्त उपयोगी पडतो.

सातवी पायरी: वर्षाचं वेळापत्रक खालून वर लावा

नेपाळचं आर्थिक वर्ष श्रावणाच्या पहिल्या तारखेला, म्हणजे जुलैच्या मध्यात सुरू होतं. संघाचा अर्थसंकल्प जेठ १५ ला (मेअखेर), प्रदेशाचा असार १ ला (जूनच्या मध्यात), पालिकेचा असार १० पर्यंत. पालिकेत योजना सात टप्प्यांतून जाते: वरून खर्चाची मर्यादा कळणं, पालिकेने आपली साधनं मोजून वॉर्डांना मर्यादा देणं, वस्तीच्या बैठकीत मागण्या, वॉर्डाचा प्राधान्यक्रम, अर्थसंकल्प समिती, कार्यपालिका आणि शेवटी सभा. मधले दोन टप्पे जितके खरे, तितका अर्थसंकल्प खरा. वस्तीची बैठक संध्याकाळी, दलित वस्तीतच आणि स्थानिक भाषेत घ्या.

बांधकामाचा पैसा मात्र वर्षाच्या शेवटी, भर पावसात उधळला जातो. असार हा आर्थिक वर्षाचा शेवटचा महिना, म्हणून याला नेपाळात असारे विकास म्हणतात. आपल्याकडची मार्चअखेर ठाऊक असलेल्याला वेगळं समजावून सांगायला नको. डोंगरात त्याचे परिणाम वाईट होतात: घाईने डोझर लावून रस्ते खणले जातात आणि पहिल्याच पावसात दरड खाली येते. पहिला हप्ता वेळेवर सोडणं, न खर्चलेला बांधकाम निधी पुढच्या वर्षी नेण्याची मुभा देणं, आणि डोझरचं यंत्र निवडून आलेल्या सदस्याच्या किंवा त्याच्या नातेवाइकांच्या मालकीचं नसावं अशी अट घालणं, या तीन गोष्टींनी बराच फरक पडेल.

आठवी पायरी: पीडित, माजी लढवय्ये आणि बाहेर गेलेली माणसं

संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत १९,६०२ माओवादी लढवय्ये पात्र ठरले. २०१२ मध्ये त्यांतल्या बहुतेकांनी हुद्द्याप्रमाणे ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली, सैन्यात गेले ते चौदाशेच्या आसपास. त्याआधी २०१० मध्ये अल्पवयीन किंवा उशिरा भरती झालेले ४ हजारांवर तरुण अपात्र म्हणून छावण्यांतून बाहेर काढले गेले. त्यांची नाराजी पुढे वर्षानुवर्षं राहिली. एकरकमी पैसा गावाच्या अर्थव्यवस्थेशी जोडलेला नसतो. त्यातला काही भाग जमीन, शेतीपूरक व्यवसाय किंवा सहकारी संस्थेच्या भांडवलासाठी, स्थानिक सरकारमार्फत, टप्प्याटप्प्याने द्यावा.

पीडितांच्या यादीत कोण नाही ते आधी तपासा. नेपाळमध्ये मृतांच्या कुटुंबांना अंतरिम मदत मिळाली. लैंगिक अत्याचार आणि छळ सोसलेल्यांना त्या मदतीतून वगळलं गेलं. नाव सांगण्याची सक्ती न करता, आरोग्य केंद्रातून उपचार आणि निवृत्तिवेतन मिळेल अशी गोपनीय वाट पहिल्याच अर्थसंकल्पात ठेवायला हवी होती.

रोजगाराचा प्रश्न सर्वात मोठा. बाहेरून येणारा पैसा नेपाळच्या सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका आहे. आखातात जाणाऱ्याला श्रम परवाना लागतो, त्यासोबत विमा आणि कल्याण निधी मिळतो. भारतात येणाऱ्याला परवाना लागत नाही, म्हणून त्याची नोंदही होत नाही. मुंबई-पुण्याच्या इमारतींची राखण करणारे आणि गोव्याच्या हॉटेलांत राबणारे अछाम, डोटी, बझाङकडचे लोक याच न नोंदलेल्या गटातले. सर्वात गरीब भागांतले स्थलांतरित सर्वात कमी संरक्षित आहेत. यावर संघापेक्षा पालिकाच काही करू शकते: वॉर्डात स्थलांतरितांची नोंदवही, घरी राहिलेल्या कुटुंबासाठी विमा, आणि मुंबई-पुण्यातल्या नेपाळी मंडळांशी थेट संपर्क.

२०१८ चा रोजगार हक्क कायदा आणि त्यावरचा प्रधानमंत्री रोजगार कार्यक्रम यांत बेरोजगाराला वर्षाला किमान १०० दिवस काम मिळायचं होतं. प्रत्यक्ष सरासरी त्याच्या जवळपासही गेली नाही. महाराष्ट्रात रोजगार हमी राबवणाऱ्यांना कारण चटकन कळेल: शेल्फवर, म्हणजे आधीच मंजूर करून ठेवलेली, कामं तयार नव्हती. मागणी आल्यावर अंदाजपत्रक करायला घेतलं की हंगाम निघून जातो.

नववी पायरी: हिशेब सगळ्यांसमोर ठेवा

नेपाळची स्थानिक सरकारं सूत्र नावाच्या संगणक प्रणालीत हिशेब भरतात आणि महालेखापरीक्षक सगळ्या ७५३ सरकारांचं लेखापरीक्षण करतो. अर्थसंकल्पाला लिंगभावाच्या निकषावर वर्ग लावण्याची पद्धत २००७ पासून संघाने सुरू केली. ही सगळी साधनं उपयोगी, पण वर्ग लावणारा कारकून रस्त्यालाही महिलांना अप्रत्यक्ष लाभ असं लिहू शकतो. म्हणून तपासणीचे प्रश्न साधे ठेवा. वॉर्डातल्या दलित वस्तीत या वर्षी किती रुपये गेले? काम कोणत्या उपभोक्ता समितीने (लाभार्थ्यांच्या समितीने) केलं, आणि तिच्या एक तृतीयांश महिला सदस्यांपैकी बँक खात्यावर सही कोणाची? असारात किती टक्के खर्च झाला? या तीन उत्तरांचा फलक वॉर्ड कार्यालयाबाहेर लावा.

सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरची बंदी आणि भ्रष्टाचार यांविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, सत्तरहून जास्त माणसं गेली आणि सरकार कोसळलं. संसदेचं कनिष्ठ सभागृह विसर्जित झालं, पण ७५३ स्थानिक सरकारं आपल्या पदांवर राहिली. दाखले, भत्ते, शाळा-दवाखाने ही जबाबदारी त्या दिवसांतही त्यांच्याच शिरावर होती. संघराज्याने जे मिळवलं आहे ते टिकवायचं असेल तर त्या सरकारांच्या वाट्याला येणारा मोकळा पैसा केंद्रातल्या दर सत्तांतरासोबत हलता कामा नये. त्यासाठी वाटपाचं सूत्र किमान पाच वर्षं गोठवा, दर जनगणनेनंतर त्याची फेरतपासणी सक्तीची करा, आणि मध्येच बदल करायचा असेल तर प्रदेश आणि स्थानिक सरकारांच्या प्रतिनिधींची संमती लागेल, असं कायद्यात लिहा.